फुलबाजाराला संदर्भ हवा

सुरुवातीलाच सांगते, या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. नावावरूनच सगळं रामायण घडलं आणि आता कुठे गावात शांतता आहे. तेव्हा आत्या म्हणजे आत्या, दादा म्हणजे दादा. आणि मी म्हणजे तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, पंचवटीत राहणारी, एकदा बोलायला लागले की न थांबणारी बाई. यातलं शेवटचं विशेषण आमच्या ह्यांनी दिलेलं आहे. मला ते मान्य नाही.

माझं माहेरचं गाव पंचवटी ओलांडली की अर्ध्या तासावर. भाजीपाल्याचं आणि फुलांचं गाव. फाट्यावर रोज उजाडता उजाडता फुलांचा बाजार भरतो. झेंडू, शेवंती, गुलाब, ज्याच्या मळ्यात जे निघालं असेल ते बायका टोपल्यांतून, क्रेटमधून घेऊन येतात, आणि शहरातले हारवाले, मांडव सजवणारे गाड्या लावून उभे असतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. इतकी वर्षं हा बाजार रस्त्याच्या कडेला, उन्हापावसात भरत होता. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीने तिथे पत्र्याची चांगली मोठी शेड बांधली आणि ठराव केला, की हा बाजार ज्याने सुरू केला त्याचं नाव शेडला द्यायचं, दसऱ्याला दगडी पाटी बसवायची. हा प्रश्न अवघड असेल असं ठराव करताना एकालाही वाटलं नाही.

ठराव झाला आणि दादा उभा राहिला. दादा म्हणजे आमच्या माजी सरपंचांचा मुलगा, स्वतःही ग्रामपंचायतीचा सदस्य. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्याने टेबलावर एक कागद ठेवला. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात आमच्या गावावर एक लेख आहे, त्याचं ते पान. दादाने ते रंगीत छापून आणलं होतं, त्यावर 'सत्यप्रत' म्हणून गोल शिक्का मारून घेतला होता आणि मग ते लॅमिनेट केलं होतं. अहो, कुणीही कधीही बदलू शकतो असं पान, आणि लॅमिनेट! मी हे ऐकलं तेव्हा दोन मिनिटं नुसती हसत होते. पण गोल शिक्क्यापुढे आमच्या गावात कुणाचं काही चालत नाही. पानावर लिहिलं होतं, 'गावातील सुप्रसिद्ध फुलबाजाराची मुहूर्तमेढ द्रष्टे व लोकप्रिय सरपंच कै.' आणि मग दादाच्या वडिलांचं नाव, आणि मग 'यांनी रोवली.'

सगळे माना डोलवत होते तेवढ्यात मागून आत्या म्हणाली, "चूक हे ते."

एवढंच म्हणाली आणि पदर सावरून बसली.

आत्या ही अख्ख्या गावाची आत्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली, भावाच्या मळ्यात झेंडू लावला आणि टोपली घेऊन फाट्यावर बसायला लागली. मी चौथीत असल्यापासून तिला तिथे बघत आलेय. मी एस.टी.ची वाट बघत उभी असले की बोलावून माझ्या वेणीत शेवंती खोचायची आणि वर म्हणायची, "नीट शिक, नायतर बसशील माझ्याशेजारी." आता ऐंशी ओलांडली आहे, गुडघे बोलतात, तरी आठवड्यातून दोनदा फाट्यावर जाऊन बसतेच. पाटीवर नाव लागणार असेल तर ते आत्याचंच, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि ते या दसऱ्यालाच लागायला हवं होतं, कारण पुढच्या दसऱ्याचं ती स्वतःच काही बोलायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमच्या सरपंचबाईंचा फोन आला. तिशीतली, हुशार, गावची सून. म्हणाल्या, "मॅडम, आत्या म्हणतात चूक आहे, पण पुढे काही सांगत नाहीत. दादा म्हणतात, सगळ्या जगाला हेच दिसतंय, मग चूक कसं? तुम्ही गावच्या लेक, त्यात शिक्षिका. तो लेख कितपत भरवशाचा, एवढं तपासून द्या. ग्रामसभेत तुम्ही सांगाल ते धरू."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. का फुटल्या तेही सांगून टाकते. या दादाने त्याच्या नव्या बंगल्याचं सांडपाणी माझ्या माहेरच्या अंगणाच्या बाजूला काढलेलं आहे. माझा भाऊ पाच वर्षं त्याला सांगतोय, हा पाच वर्षं "करू की" म्हणतोय. लेख तटस्थ आहे का ते तपासायला निघालेली बाई किती तटस्थ होती ते यावरून समजा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी मुलांना वाक्यात उपयोग करा म्हणून द्यायचे. आता स्वतःच उपयोग होऊन बसले होते.

लेखाची प्रिंट काढली आणि लाल पेन घेऊन बसले. आधी भाषा. लिहिणारा कुणाच्या बाजूचा आहे हे ओळखायची माझी रीत साधी आहे. विशेषणं खोडायची आणि खाली काय उरतं ते बघायचं. मी सुप्रसिद्ध खोडलं, द्रष्टे खोडलं, लोकप्रिय खोडलं. पुढे 'अहोरात्र झटून' होतं, 'निःस्वार्थ भावनेने' होतं, 'गोरगरिबांचे कैवारी' होतं. सगळ्यावर लाल रेघा मारल्यावर खाली उरलं ते असं, की गावात एक सरपंच होते आणि गावात एक बाजार आहे. या दोन्ही गोष्टींबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

मग मला भाच्याच्या बायकोने फोनवर दाखवलं, की लेखाच्या वर 'इतिहास' असं एक बटण असतं. ते दाबलं की त्या पानात कोणी कधी काय बदललं ते सगळं ओळीने दिसतं. अगं बाई! मला हे आधी का नाही कोणी सांगितलं? संध्याकाळचं देवाला दिवा लावायचं राहिलं, कुकरच्या शिट्या मोजायच्या राहिल्या. लेख जन्मला तेव्हा चार ओळींचा होता. तालुका कोणता, जिल्हा कोणता, पिकं कोणती. मग एके दिवशी कुणीतरी मुहूर्तमेढ रोवली. निवडणुकीच्या तोंडावर 'लोकप्रिय' आलं, पुढच्या निवडणुकीला 'द्रष्टे' आलं. मधे एकदा 'फुलसम्राट' सुद्धा येऊन गेलं होतं, पण दुसऱ्या कोणी ते तासाभरात काढलं होतं आणि बदलाचं कारण म्हणून एकच शब्द लिहिला होता, 'अतिशयोक्ती'. त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले.

पण भाषा गोडगोड आहे म्हणून माहिती खोटी असं काही नसतं. मुलं निबंधात कितीही पाल्हाळ लावतात, तरी त्यात एखादं वाक्य खरं निघतं. तेव्हा मोर्चा संदर्भांकडे. त्या मुहूर्तमेढीच्या वाक्यामागे बारीक अक्षरात एक, दोन, तीन असे आकडे होते, म्हणजे तीन पुरावे. दादा ज्याच्या जोरावर उड्या मारत होता ते हेच.

पहिला पुरावा गावातल्याच एका मुलीने कॉलेजसाठी केलेला प्रकल्प. मुलगी माझ्या ओळखीची, तिने लगेच पाठवून दिला. मेहनत चांगली, अक्षर सुंदर. शेवटच्या पानावर तिने माहिती कुठून घेतली ते लिहिलं होतं. एक, शाळेची स्मरणिका. दोन, इंटरनेटवरचा तोच लेख. म्हणजे लेख म्हणतो प्रकल्प बघा आणि प्रकल्प म्हणतो लेख बघा. तू माझी पाठ खाजव, मी तुझी.

दुसरा पुरावा ती शाळेची स्मरणिका. ती माझ्या माळ्यावरच सापडली, चकलीच्या सोऱ्याखाली. त्यात फुलबाजाराबद्दल एकच वाक्य होतं आणि त्याच्या पोटात लिहिलं होतं, 'वृत्तपत्रात प्रसिद्ध झाल्याप्रमाणे'. दोन गेले. राहिला तिसरा, ती वृत्तपत्रातली बातमी. वीसेक वर्षांपूर्वीची.

त्या बातमीसाठी मी नाशकातल्या एका जुन्या वाचनालयात दोन दुपारी घालवल्या. तिथल्या ग्रंथपालांनी फायली काढून दिल्या, वर धूळ पुसायला फडकं दिलं आणि म्हणाले, "बाई, जमीनजुमल्याची भानगड आहे का?" मी म्हटलं, "त्याहून मोठी, फुलांची आहे." दुसऱ्या दुपारी सापडली. शाळेच्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, पाचसहा ओळींची बातमी, आणि शेवटची ओळ अशी, 'फाट्यावरील फुलबाजार सरपंचांच्या प्रेरणेने सुरू झाल्याची माहिती सूत्रसंचालिकेने दिली.'

मी टेबलावर हात आपटला. सूत्रसंचालिका! म्हणजे तीन पुराव्यांच्या बुडाशी हे होतं! कोण ही टवळी? ना चौकशी, ना विचारपूस, माईक हातात आला म्हणून काय वाट्टेल ते ठोकून द्यायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला! ग्रंथपालांना मी हे सगळं मोठ्याने ऐकवलं. ते बिचारे हो हो म्हणत होते.

आणि मग मी बातमीवरची तारीख पुन्हा वाचली. त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मी केलं होतं.

सगळं लख्ख आठवलं. मी तेव्हा शहरातल्या शाळेत होते, पण गावच्या शाळेत काही असलं की मला बोलावणं यायचं. उद्घाटनाला पाहुणे यायचे होते दहाला. ते सिन्नरला दुसऱ्या कार्यक्रमात अडकले होते आणि दर अर्ध्या तासाने निरोप यायचा, "निघाले, निघाले." मुलं उन्हात बसलेली. माझ्या चारोळ्या संपल्या. पाण्याचं महत्त्व सांगून झालं. स्वागतगीत तीनदा म्हणून घेतलं, तिसऱ्यांदा मुलींनी माझ्याकडे रागाने बघितलं. पुढच्या रांगेत सरपंच टोपीने वारा घेत बसले होते. माणूस भला होता, टाकीसाठी खूप पळाला होता. म्हटलं, यांच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलावं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असं म्हणतात की, आपल्या फाट्यावरचा फुलबाजारसुद्धा सरपंचसाहेबांच्याच प्रेरणेने सुरू झाला!" टाळ्या पडल्या. सरपंच जरा गोंधळले, पण टाळ्या पडल्यावर कोण नको म्हणतं? असं म्हणतात म्हणे. कोण म्हणतं? उभ्या महाराष्ट्रात तसं म्हणणारी मी एकटी होते.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं काय झालं, सांगितलं, तर हे इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, तू न थांबणारी." मी ताट उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला गेले. आत्या ओट्यावर बसून झेंडू निवडत होती, चांगली फुलं एकीकडे, चुरगळलेली एकीकडे.

"काय गं पोरी, आज कशी उगवली?"

मी तिच्या शेजारी बसले आणि सरळ सांगून टाकलं, "आत्या, ते खोटं मीच बोलले होते. टाकीच्या उद्घाटनाला, माईकवर."

"मला माहीत हे की." तिने फुलावरची नजरसुद्धा काढली नाही. "मी समोरच होते बायकांत. तुला बोलले पण होते नंतर, का माईक हातात आला का काहीबी बोलती तू. तू म्हणाली, आत्या, तेवढं चालतं."

मला रडू आलं. खोटं नाही सांगत, साठी उलटलेली बाई मी, ओट्यावर बसून लहान पोरीसारखी रडले. जिने माझ्या वेणीत फुलं खोचली तिचा हक्क मी टाळ्यांसाठी दुसऱ्याला देऊन टाकला होता आणि विसरूनही गेले होते.

"रडून काय होनारे," आत्या म्हणाली. "ते आधी पुस तिथून. खोटं हे ते. बाकीचं मी गावापुढं सांगीन."

"मग तिथे तुझं नाव घालते ना मी..."

"गावापुढं सांगीन म्हणले ना? तू पुस फक्त."

मी समजले, तिला मानाने, चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. हक्कच होता तिचा. मी आणखी काही विचारलं नाही.

त्या दुपारी मी लेखातलं ते वाक्य काढून टाकलं. तासाभरात परत आलं. मी पुन्हा काढलं, ते पुन्हा आलं, सोबत शेरा, 'तीन संदर्भ असताना मजकूर काढू नये.' दादाच, दुसरं कोण. मग मी त्या लेखाच्या चर्चेच्या पानावर सविस्तर लिहिलं, की बाबांनो, हे तीन दिसतात पण तीन नाहीत. प्रकल्पाने स्मरणिकेतून घेतलं, स्मरणिकेने बातमीतून घेतलं, बातमीने सूत्रसंचालिकेकडून घेतलं, आणि सूत्रसंचालिका मी आहे, आणि मला ते कुणीही सांगितलेलं नव्हतं. खरं म्हणजे हा बाजार अमुक बाईंनी सुरू केला, मी स्वतः लहानपणापासून बघितलं आहे.

संध्याकाळी एका टोपणनावाच्या माणसाचं उत्तर आलं. बहुतेक तोच, अतिशयोक्तीवाला. भाषा नम्र. 'आपल्या या म्हणण्याला संदर्भ काय?'

मी भडकले. संदर्भ? अरे मी! मी जिवंत बसलेय इथे, मी संदर्भ! हे मी लिहूनही टाकलं, उद्गारचिन्हांसकट. त्यावर त्याने लिहिलं, 'ताई, आपला राग समजतो. पण आपण विश्वासू वाटता म्हणून आपलं म्हणणं घ्यायचं असेल, तर वीस वर्षांपूर्वी वार्ताहरानेही तेच केलं होतं.'

मी फोन उशीखाली ठेवला. माझ्या एका शब्दावर विसंबून वीस वर्षं एक खोटं चालत आलं, आणि मी आता काय म्हणत होते, तर माझ्या दुसऱ्या शब्दावर विसंबा. पहिल्या वेळी मला सरपंच आवडायचे आणि या वेळी मला आत्या आवडत होती, एवढाच फरक. मनातून मी त्याचे दहापैकी दहा परत घेतले होते, ते पुन्हा दिले. त्याने शेवटी ते वाक्य काढलं आणि आत्याचं नावही घातलं नाही. लेखात आता एवढंच राहिलं, 'गावाच्या फाट्यावर रोज सकाळी फुलांचा बाजार भरतो.' पुढे काही नाही. लेखापुरतं ते योग्यच होतं, पण पाटीवर काही एवढंच लिहून भागणार नव्हतं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. दसऱ्याला आठ दिवस होते, फुलांचा हंगाम, तरी गर्दी चांगली. पाटी करणारा कारागीर मापं घेऊन गेला होता आणि नाव कळवा म्हणून त्याचे फोन चालू होते. सरपंचबाईंनी माझ्या हातात माईक दिला. आयुष्यात पहिल्यांदा मला तो नकोसा वाटला.

मी सगळं सांगितलं. प्रकल्प, स्मरणिका, बातमी, आणि बातमीच्या बुडाशी मी. "असं म्हणतात की" म्हणणारी मीच, मला कोणी काही सांगितलं नव्हतं, पाहुणे येत नव्हते म्हणून बोलले. कोपऱ्यातून माझा एक जुना वर्गमित्र ओरडला, "म्हणजे मॅडम कॉपी करताना सापडल्या!" आणि अख्खं पटांगण हसायला लागलं. एक बाई म्हणाली, "पोरांचे मार्क कापत होत्या ना लय, आता तुमचे किती कापायचे?" मी म्हटलं, "कापा, मला शून्य द्या." हसू माझंही थांबेना.

एकटा दादा हसत नव्हता. ते लॅमिनेट केलेलं पान त्याच्या मांडीवर होतं. तो हळूच म्हणाला, "मग माझ्या बापानं काय केलंच नाय का?"

सांडपाणी, पाच वर्षं, सगळं मी क्षणभर विसरले. "असं कसं?" मी म्हटलं. "टाकी कुणी आणली? नळ कुणी आणले? त्याचे कागद पंचायतीच्या दप्तरात आहेत, पेपरात बातमी आहे, मी डोळ्यांनी वाचून आलेय. आपण ते लिहू, मी बसते तुझ्याबरोबर. एकही विशेषण घालायचं नाही, तरी बघ कसं वजन येतं."

"एक तरी?" दादा म्हणाला.

"एकही नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि मग तोही जरासा हसला.

सरपंचबाईंनी माईक घेतला. "मग आता आत्यांनी सांगावं. आत्या, पाटीवर तुमचं नाव लिहायचं ना? एकमताने करू."

बायका टाळ्या वाजवायला लागल्या होत्याच. आत्या पुढच्या बाकाला धरून उठली आणि तिने हात वर करून टाळ्या थांबवल्या.

"माझं कशापायी?" ती म्हणाली. "पहिली टोपली माझी नव्हती. वढ्यापल्याडच्या बौद्धवस्तीतली माझी मैत्रीण, तिची होती. ती बसली पहिली. महिनाभर एकटी बसायची. लोक यायचे, फुलं बघायचे, कुठली गं तू इचारायचे, आन् हे देवाला चालायचं नाय म्हणून पुढं जायचे. ती उठली नाय. मी रोज मळ्यातून बघायची. मंग एक दिवस मी माझी टोपली घेतली आन् तिच्याशेजारी जाऊन बसले. मी दुसरी. तिचं नाव लिहा."

मला आता दिसत होतं, की मी चौथीत असताना फाट्यावर एक टोपली नव्हतीच. दोन होत्या. दुसऱ्या टोपलीमागची बाईही रोज माझ्याकडे बघून हसायची. आठ-दहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा मी भेटायलाही गेले होते. एवढ्या सगळ्या तपासात तिचं नाव माझ्या मनातही आलं नाही. लाल पेन घेऊन मी सगळ्यांची बाजू शोधत होते. माझी कुठली ते मला आत्ता दिसलं, आणि लाज वाटली.

"आत्या," मी विचारलं, "पन्नास वर्षं बोलली का नाहीस गं?"

"बोलले की. पन्नास वर्षं बोलूनच राहिले. मी तिचं नाव घेतलं का तुम्ही म्हणता, आत्या किती मोठ्या मनाची! आन् परत माझंच नाव घेता."

सरपंचबाईंनी वहीत लिहायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी एक बोलू का?"

त्या मैत्रिणीची मुलगी. आमच्या गावची अंगणवाडी ताई, आता पन्नाशीला टेकलेली. सभेला नेहमी येते, मागे बसते, कधी बोलत नाही. ती आज उभी राहिली.

"आई वेगळं सांगायची," ती म्हणाली. "आई म्हणायची, बाजार आत्यांनी सुरू केला. मी म्हणायची, अगं, आधी तर तू बसलीस ना? तर म्हणायची, एकटी बाई टोपली घेऊन बसली तर त्याला कोणी बाजार म्हणत नाही. त्या येऊन माझ्याशेजारी बसल्या, त्या दिवशी बाजार भरला. जाईपर्यंत हेच सांगत होती. तेव्हा मला वाटतं, आत्यांचंच लिहावं."

आणि ती खाली बसली.

तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या, पण असला पेपर माझ्या हातात कधी आला नव्हता. दोन साक्षीदार, एक लेकीच्या तोंडून बोलणारी, पण दोघी तिथे हजर असलेल्या, आणि दोघी एकमेकींचं नाव सांगतायत. सरपंचबाईंनी माईक पुन्हा माझ्या हातात दिला, निकाल सांगा म्हणून. मी माईक त्यांच्या टेबलावर ठेवून दिला.

आत्या अजून उभीच होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"खोटारडी!" ती म्हणाली. "मेली तरी माझ्यावरच ढकलती." मग तिने पदराने तोंड पुसलं आणि सरपंचबाईंच्या वहीकडे बोट केलं. "दोघींचं लिहा. पण तिचं वर लिहा. आता ती भांडायला यायची नाय."